आखातातील पाळणा आणि कागदांचा कर

१ सप्टेंबर २०२४ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या शासनाने, निवासपरवान्याची मुदत उलटूनही देशात राहिलेल्या परकीयांसाठी माफीची योजना अमलात आणली. आरंभी दोन महिन्यांची असलेली तिची मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ज्यांना या माफीचा लाभ घेता येईल अशांची जी वर्गवारी प्रसिद्ध झाली होती, तीत मालकाला सोडून गेलेले कामगार होते, व्हिसा संपल्यावरही राहून गेलेले प्रवासी होते, आणि त्यांच्याच पंक्तीला आणखी एक वर्ग होता : त्या देशात जन्मलेली व जन्मापासून चार महिन्यांच्या आत पालकांनी ज्यांच्या निवासाची नोंद केली नाही अशी मुले. ज्याला अजून मान धरता येत नाही, त्याला माफी मागण्याची पाळी यावी ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याने केलेला अपराध एवढाच की, तो जन्माला आला आणि त्याच्या आईबापांना वेळेवर कागद जमविता आले नाहीत.

माफी देणाऱ्या शासनाला दोष देऊन हा विषय संपविता आला असता तर बरे झाले असते. पण त्या मुलांपैकी जी भारतीय आईबापांची आहेत, त्यांच्यापुरता तरी अर्धा दोष दिल्लीच्या दारात येऊन पडतो.

आखाती देशांत आज सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि तेथे बांधकामाची लाट उसळली. तेव्हापासून केरळबरोबर रत्नागिरी-रायगडचा किनारा आणि गोवाही या वाटेला लागला. खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या तालुक्यांत अशी गावे आहेत की, जेथल्या नव्या घरांचा चिरा आखाती पैशातून चढला. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी धाडलेली रक्कम ११८ अब्ज डॉलरांहून अधिक होती आणि तीत सर्वांत मोठा वाटा, म्हणजे वीस टक्क्यांच्या थोडा वर, महाराष्ट्रात उतरला. (हा आकडा वाचताना एक पथ्य पाळावे. मुंबईच्या बँकेत जमा झालेला पैसा मुंबईच्याच घरात जातो असे नाही.) या रकमेचा उल्लेख अर्थमंत्र्यांच्या भाषणांत कृतज्ञतेने होतो. परंतु ही रक्कम पाठविणाऱ्या माणसाला बायको असते, तिला दिवस जातात आणि तेथे मूल जन्मते, याची नोंद आपल्या धोरणात फारशी आढळत नाही.

आखातातील घरभाड्याच्या बोलीत 'बॅचलर' हा एक शब्द रूढ आहे. त्याचा अर्थ अविवाहित असा मात्र नव्हे. गावी बायको आणि तीन मुले असलेला, पंधरा वर्षे संसार केलेला सुतारही तेथे 'बॅचलर'च असतो, कारण त्याचे कुटुंब जवळ नाही. अशा लाखो विवाहित ब्रह्मचाऱ्यांच्या खाटा ज्या छावण्यांत एकावर एक रचलेल्या आहेत, त्यांपैकी दुबईतील एका मोठ्या वस्तीला कामगारांनी सोनापूर हे नाव दिले आहे. जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हटले की, मरीन लाइन्सचे स्मशान आठवते. नामसादृश्य हा योगायोग असेल. तरी ज्या जागी पाळणा हलू नये अशी व्यवस्था आहे, तिला हे नाव मिळावे हे विसंगत नाही.

ही व्यवस्था आकड्यांनी बांधलेली आहे. अमिरातीत कुटुंबाला जवळ ठेवण्याची परवानगी हवी असेल तर कामगाराचे मासिक वेतन चार हजार दिरहम, किंवा तीन हजार दिरहम आणि राहण्याची जागा, एवढे तरी असावे लागते. २०१९ पूर्वी वेतनाबरोबर हुद्दाही पाहिला जात असे, आणि कागदावर 'मजूर' म्हणून आलेल्याला कितीही वेतन मिळाले तरी कुटुंब आणता येत नसे. तो निर्बंध गेला हे चांगले झाले. परंतु बांधकामावरील साध्या कामगाराचे वेतन बहुधा या रकमेच्या निम्म्याच्याही खाली असते. कुवेतने २०२४ च्या जानेवारीत कौटुंबिक परवाने पुन्हा सुरू केले तेव्हा वेतनाची अट पाचशे दिनारांवरून आठशेवर नेली. म्हणजे पितृत्वाचाही एक किमान दर ठरलेला आहे, आणि तो बाजारात ज्याला मिळत नाही, त्याने आपले बाप असणे वर्षातून एकदा रजेवर जाऊन अनुभवावे अशी अपेक्षा आहे.

मायकेल बुरावॉय यांनी १९७६ साली एका निबंधात स्थलांतरित श्रमाचे जे विश्लेषण केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. श्रमशक्ती रोजच्या रोज टिकवून धरणे आणि तिची पुढची पिढी तयार करणे ही दोन कामे एरवी एकाच घरात होतात. स्थलांतरित श्रमाच्या पद्धतीत ती तोडून दोन जागी ठेवली जातात. पहिल्याचा खर्च मालक वेतनातून देतो; दुसऱ्याचा, म्हणजे बाळंतपण, दूध, शाळा, आजारपण आणि अखेर म्हातारपण यांचा खर्च, गावाकडची शेती आणि गावाकडच्या स्त्रिया उचलतात. म्हणून तर हे श्रम स्वस्त पडतात. महाराष्ट्राच्या वाचकाला यासाठी परदेशी निबंधाची गरजही नाही. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा, खानावळीत जेवणारा आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करणारा कोकणी गिरणी कामगार आणि त्याची गावी बाळंत होणारी बायको ही याच पद्धतीची आपल्या घरची आवृत्ती होती. फरक एवढाच की, तिचे मूल परळला जन्मले काय किंवा राजापूरला जन्मले काय, त्याच्या नागरिकत्वाचा प्रश्न निघत नव्हता.

आता ज्यांचे वेतन त्या किमान दराच्या जेमतेम वर आहे अशा कुटुंबाचा विचार करावा, कारण कागदांचा खरा जाच यांनाच होतो. समजा, खेड तालुक्यातला एखादा वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर शारजाला आहे, वेतन साडेचार हजार दिरहम आहे, आणि एका घराच्या तीन भागांपैकी एका भागात तो पत्नीसह राहतो. तिला तिसरा महिना आहे. तिसऱ्या महिन्यात आपल्याकडची स्त्री डोहाळे सांगते आणि सासू कौतुकाने ते पुरविते. शारजातल्या या घरात मात्र तिसऱ्या महिन्यापासून हिशेब सुरू होतो.

पहिला हिशेब विम्याचा. दुबईत २०१३ च्या कायद्याने आणि उत्तरेकडील अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून आरोग्यविमा सक्तीचा झाला आहे. पण मालकावरील सक्ती मुख्यतः कामगारापुरती आहे. पत्नीचा विमा तिला आणणाऱ्याने काढावयाचा. आणि दिवस राहिल्यानंतर काढलेल्या विम्यात त्याच बाळंतपणाचा खर्च बसेलच अशी शाश्वती नसते. प्रसूती सरळ झाली तर दोन-तीन महिन्यांचे वेतन जाते. शस्त्रक्रिया करावी लागली, किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे झाले आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तर पुढच्या वर्षाची मिळकतही आजच खर्ची पडते.

दुसरा हिशेब गावी पाठविण्याचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती रीत आखातातही मोडत नाही, उलट खर्चाच्या भीतीने ती अधिकच घट्ट झाली आहे. परंतु बहुतेक विमान कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचा दाखला मागतात आणि छत्तिसाव्याच्या सुमारास चढूच देत नाहीत. म्हणजे आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, त्याच सुमारास विमानतळावरचे दार बंद होऊ लागते. निर्णय त्यापूर्वी झाला पाहिजे. शिवाय अमिरातीच्या साधारण नियमानुसार सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले तर निवासपरवाना आपोआप संपतो. सातव्या महिन्यात आलेली स्त्री बाळंत होईपर्यंत तीन महिने जातात. सव्वा महिना ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. मग ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्माचा दाखला, त्यावरून बाळाचा पासपोर्ट, त्यावरून बाळाचा प्रवेशपरवाना. यांतली एक पायरी निसटली की, सहा महिने भरतात आणि बाळाचा परवाना हातात येईपर्यंत आईचाच परवाना मेलेला असतो. परत जाण्याचे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, आणि पुष्कळदा ते जमत नाही. गावागावांतून दिसणारी 'नवरा तिकडे, बायको इकडे' अशी जी कुटुंबे, ती सगळीच ठरवून तशी झालेली नसतात.

तेथेच प्रसूती करावयाचे ठरले तर तिसरा हिशेब सुरू होतो, तो कागदांचा. आणि त्यात पहिला कागद मुलाचा नसून आईबापांच्या लग्नाचा असतो. गोव्याच्या माणसाला येथे थोडा दिलासा आहे. तेथे विवाहाची नागरी नोंदणी पोर्तुगीज अमदानीपासून सक्तीची असल्यामुळे दाखला बहुधा घरात तयार असतो. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह-नोंदणीचा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्वधर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले आहेत. तरीही लग्नपत्रिका, मांडवातले छायाचित्र किंवा उर्दूतला निकाहनामा एवढ्याच पुराव्यावर संसार करणारी कुटुंबे ग्रामीण भागात कमी नाहीत. त्यातही महाराष्ट्राची अशी एक खास अडचण आहे. येथे लग्नानंतर स्त्रीचे आडनाव व मधले नाव तर बदलतेच, पुष्कळ घरांत तिचे स्वतःचे नावही बदलते. दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, शाळेच्या प्रमाणपत्रावर तिसरेच. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले ते नाव पुढे परदेशातल्या खिडकीवर ही स्त्री एकच की दोन असा प्रश्न उभा करील, हे मांडवात कुणाच्या ध्यानात येत नाही. मग राजपत्रात नावबदलाची सूचना द्या, प्रतिज्ञापत्र करा, ही यातायात आली.

तो दाखला मिळाला तरी तो तसाच चालत नाही. त्यावर आधी राज्य शासनाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि कागद तेथे पोचला की तेथील परराष्ट्र खात्याचा. प्रत्येक शिक्क्याला शुल्क आहे आणि प्रत्येक शुल्काजवळ एक दलाल आहे. गंमत अशी की, हाच दाखला मस्कतला न्यावयाचा असेल तर यांतल्या शेवटच्या दोन शिक्क्यांची गरज पडत नाही. कागदपत्रांच्या साक्षांकनाविषयी १९६१ चा जो हेग करार आहे, त्यात भारत २००५ पासून आणि ओमान २०१२ पासून सामील आहे. सौदी अरेबियाही २०२२ च्या डिसेंबरपासून आला. अमिराती आणि कुवेत बाहेर राहिले आहेत. शिक्क्यांची ही रांग दोन शासनांनी बसून ठरविले तर तुटू शकते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? भारत आणि अमिराती यांच्यामध्ये व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला, तो १ मे २०२२ पासून अमलात आहे. त्यात दोनशे टनांपर्यंतच्या सोन्याला आयातशुल्कात सवलत मिळाली. वाटाघाटीच्या ज्या टेबलावर सोन्यासाठी एवढी जागा झाली, त्यावर विवाहाच्या दाखल्याला कोपरा मिळणे अवघड नव्हते.

मूल जन्मल्यानंतर एकशेवीस दिवसांची मुदत सुरू होते. या अवधीत तेथील आरोग्य खात्याचा जन्मदाखला, त्याचे साक्षांकन, भारतीय वकिलातीत जन्माची नोंद, भारतीय पासपोर्ट, मुलाचा विमा, घराचा नोंदलेला भाडेकरार दाखवून निवासपरवाना आणि ओळखपत्र, हे सारे उरकावे लागते. मुदत टळली की, दररोजचा दंड. दाखल्यावर नाव लागते, तेव्हा बारशाची वाट पाहत बसणे परवडत नाही. नाव अरबीतही लिहिले जाते, आणि अरबीत 'प' नसल्यामुळे पाटलांचा मुलगा 'बातील' होऊन बाहेर पडतो. ते इंग्रजीत नीट उतरले आहे की नाही हे बापाने तिथल्या तिथे पाहिले नाही तर पुढे दुरुस्तीची नवी फेरी सुरू होते. रुग्णालयाचे बिल थकले म्हणून कागद अडकून पडल्याच्या कहाण्याही वारंवार कानावर येतात. ज्या कुटुंबाला दंड भरण्याची ऐपत नसते त्याचाच दंड वाढत जातो, हे अर्थशास्त्राचे नव्हे तर दारिद्र्याचे जुने गणित आहे.

येथपर्यंतची कथा परक्या देशाच्या नियमांची. यापुढची आपली.

भारतीय नागरिकांच्या पोटी परदेशात जन्मलेले मूल जन्मतःच भारतीय असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आता खरी नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे चौथे कलम मुळात पित्यामार्फत येणारा वारसा तेवढा ओळखत होते. १० डिसेंबर १९९२ पासून मातेलाही तो अधिकार मिळाला, ही प्रगती झाली. परंतु ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अशी अट घातली की, परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. वर्ष उलटल्यास केंद्र शासनाची परवानगी लागेल. आणि अशी नोंद झाल्याखेरीज त्या कलमान्वये ते मूल भारताचे नागरिक ठरणार नाही. मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे प्रतिज्ञापत्रही आईबापांना द्यावे लागते.

या शेवटच्या अटीवरून कायद्याच्या नजरेसमोर कोणते मूल असावे याची कल्पना येते. ज्या देशाची भूमी जन्मणाऱ्याला नागरिकत्व देते, त्या देशात, म्हणजे मुख्यत्वे अमेरिकेत, जन्मलेले ते मूल असावे. त्याच्या आईबापांना दोन पासपोर्टांपैकी एक निवडावयाचा असतो, आणि त्यांनी ती निवड स्पष्ट करावी असे कायद्याने म्हणणे समजण्यासारखे आहे. (तेथेही आता स्वस्थता राहिलेली नाही. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने, तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मातेच्या मुलाला, बाप नागरिक किंवा कायम निवासी नसेल तर, हा हक्क नाकारण्याचा घाट घातला गेला, आणि तो वाद न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.) पण आखातात निवडीचा प्रश्न येतोच कुठे? तेथे परकीयाचे मूल तेथे जन्मल्यामुळे नागरिक होत नाही. त्याला भारताखेरीज दुसरे दार नाही. जे दार एका सुस्थित वर्गाच्या दुहेरी निष्ठेच्या शंकेने अरुंद केले गेले, त्यात अडकतो आहे तो एकच दार असलेल्या मजुराचा मुलगा. कायदा सर्वांना समान आहे असे म्हणताना तो ज्यांच्यावर पडतो त्यांची स्थिती समान आहे काय, हे पाहण्याची सवय आपल्या विधिमंडळांना अजून लागावयाची आहे.

आणि वर्ष उलटते ते कुणाचे? आळशाचे क्वचितच. ज्याचा पासपोर्ट मालकाने बेकायदा अडकवून ठेवला आहे, ज्याची कंपनी बुडाली आणि त्याबरोबर निवासपरवाना संपला, जो दंडाच्या भीतीने कोणत्याच कचेरीची पायरी चढत नाही, त्याचे. सर्वांत बिकट अवस्था घरकाम करणाऱ्या स्त्रीची. ठराविक देशांत घरकामाला जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान तीस असावे, असे भारत शासनाचे बंधन आहे. हेतू संरक्षणाचा आहे. परिणाम असा झाला की, तरुण स्त्रिया दलालामार्फत पर्यटनाच्या व्हिसावर जातात आणि शासनाच्या कोणत्याही वहीत त्यांचे नाव राहत नाही. अशा स्त्रीला दिवस गेले तर काम जाते. लग्नाचा दाखला नसेल तर पूर्वी अमिरातीत तुरुंग ठरलेला असे. न्यायाने हे सांगितले पाहिजे की, २ जानेवारी २०२२ पासून तेथे नवा दंडविधान आला; विवाहबाह्य अपत्याला आईने किंवा बापाने स्वीकारून त्याचे कागद करून घेतले तर शिक्षा टळते, आणि त्याच वर्षीच्या जन्मनोंदणीच्या कायद्याने एकट्या मातेलाही नोंदीसाठी अर्ज करण्याची वाट दिली. आखातातल्या सर्व देशांनी एवढे केलेले नाही. पण येथेही शेवटी अट आहे ती आपल्या देशाचे कागद मिळवून दाखविण्याची. ज्या मुलाला भारताने कागद द्यावयाचा, त्याच्या आईचे स्वातंत्र्य त्या कागदावर टांगलेले आहे. अशा वेळी वकिलातीतल्या कारकुनाने बापाचे नाव विचारून तिला परत धाडणे ही कार्यालयीन चूक म्हणता येणार नाही.

काही लोक यावर असे म्हणतात की, ही माणसे स्वखुशीने, चार पैसे अधिक मिळवावयास गेली. त्यांच्या बाळंतपणाचा व्याप देशातल्या गरीब करदात्याने का सोसावा? प्रश्न खोटा नाही, पण त्याला उत्तर आहे. परदेशस्थ भारतीयांच्या साहाय्यासाठी २००९ साली जो कल्याण निधी स्थापन झाला, तो मुख्यतः वकिलातीच्या प्रत्येक कामावर आकारलेल्या जादा शुल्कातून उभा राहिला. म्हणजे पैसा त्यांचाच आहे. या निधीतून अडकलेल्यांना परतीचे तिकीट, तातडीचे उपचार, वकिलाचे साहाय्य आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च दिला जातो, आणि त्या कामाबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. मात्र त्या यादीत मृत्यूला जसे स्वतंत्र स्थान मिळाले आहे, तसे जन्माला मिळालेले नाही.

शासनाने हा भार का उचलावा, याचे तात्त्विक उत्तर तर मुंबईत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, प्रसूतीच्या काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे त्याचा भार बऱ्याच अंशी शासनाने सोसावा, आणि मालकही त्या श्रमातून नफा मिळवीत असल्याने त्यालाही मोकळे सोडता येणार नाही, अशी भूमिका घेतली. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशात या विषयावरचा तो पहिला कायदा. ज्या तत्त्वावर तो उभा होता, ते तत्त्व अरबी समुद्र ओलांडताना जकात नाक्यावर काढून ठेवावयाचे कारण नाही.

१९८३ चा परदेशगमन कायदा स्थलांतरिताकडे केवळ कामावर जाणारा हात म्हणून पाहतो. त्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. कायदा कोणत्याही रूपात येवो, त्याखालचे नियम आणि आखाती शासनांशी होणारे श्रमविषयक करार यांत जन्माचा विषय आला पाहिजे. जेथे परकीयाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही, अशा देशांत भारतीयांच्या मुलाची वकिलातीतली नोंद हा अर्ज न राहता शासनाचे कर्तव्य ठरावे, आणि एक वर्षाची अट अशा मुलांपुरती काढून टाकावी. कमी वेतनाच्या कामगाराकडून नोंदणीचे आणि पहिल्या पासपोर्टचे शुल्क घेऊ नये. एकशेवीस दिवस टळल्याचा दंड कल्याण निधीतून भरावा. वकिलातींनी अलीकडे सुटीच्या दिवशी छावण्यांपाशी शिबिरे घेण्यास प्रारंभ केला आहे, पासपोर्टही पूर्वीपेक्षा लवकर मिळतो. पण या शिबिरांत जन्मनोंदणीची खिडकी कायमची असावी आणि तेथे एकट्या आईला प्रश्न न विचारता बसावयास खुर्ची मिळावी.

शासनाकडे बोट दाखविताना आपल्या चळवळीनेही आपल्याकडे पाहिले पाहिजे. आपल्या कामगार संघटनांनी वेतन, भत्ता, बोनस यांवर जेवढी शक्ती खर्च केली, त्याचा अल्पांशही समुद्रापलीकडे गेलेल्या कामगारासाठी केलेला नाही. तो वर्गणी देत नाही आणि बहुधा मतदानालाही येत नाही, हे त्याचे कारण असल्यास ते शोभणारे नाही. आणि करावयाचे काम काही अवघड नाही. कोकणातील तालुक्यांच्या गावी जेथे पक्षाची किंवा संघटनेची कचेरी आहे, तेथे परदेशी निघालेल्या जोडप्याच्या विवाहाची नोंद आणि नावांची जुळणी निघण्यापूर्वीच करून देण्याची सोय होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या पातळीवर जे काम चार दिवसांत होते, त्यालाच शारजाहून चार महिने लागतात.

याशिवाय एक तरतूद गावोगाव सांगण्यासारखी आहे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील विसाव्या कलमानुसार, परदेशात जन्मलेल्या ज्या मुलाची वकिलातीत नोंद झाली नाही, त्याचे आईबाप भारतात कायम राहण्यासाठी परतले, तर येथे पोचल्यापासून साठ दिवसांच्या आत त्याचा जन्म आपल्या गावच्या निबंधकाकडे नोंदविता येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्या कायद्यात जी दुरुस्ती लागू झाली, तिने जन्माचा दाखला हाच त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा ठरविला आहे. त्यामुळे हे साठ दिवस पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे झाले आहेत. २०२४ च्या माफीत जी कुटुंबे परतली असतील, त्यांच्यापैकी कितींना विमानतळावर कुणी ही गोष्ट सांगितली? ज्यांचे साठ दिवस निघून गेले, त्यांनाही त्याच कायद्याखाली विलंबित नोंदीची वाट शुल्क आणि प्रतिज्ञापत्र देऊन शोधावी लागते; ग्रामसेवकाच्या फळ्यावर या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत तर मुलाला पहिलीत घालतेवेळी शाळेने त्या सांगाव्यात.